दहाव्या वर्षाचा मालक

प्रति,
मुख्य अभियंते आणि सर्व्हिस विभागाचे प्रमुख,
मर्सिडीज-बेंझ (स्टुटगार्ट), बीएमडब्ल्यू (म्युनिक) आणि ऑडी (इंगोलस्टाट), जर्मनी



मी पुण्याजवळ भोसरीत गॅरेज चालवतो. एकतीस वर्षं झाली. पहिली काही वर्षं मिळेल ती गाडी हातात घेतली. गेली अठरा-एकोणीस वर्षं बहुतेक काम तुमच्याच गाड्यांचं. त्यांच्यावर माझं घर उभं राहिलं, मुलीचं इंजिनिअरिंग झालं. तुमच्या गाड्या बिघडल्या नसत्या तर यातलं काहीच झालं नसतं, त्यामुळे तक्रार करायला बसताना जरा अवघडायला होतंय. पण गिऱ्हाइकाला खोटं सांगायचं नाही, हा माझ्या उस्तादांनी घालून दिलेला नियम. गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकानं असा प्रश्न विचारला की त्याचं खरं उत्तर मला तुमच्याकडूनच मागून घ्यावं लागणार आहे. म्हणून हे पत्र.

गॅरेजच्या मागं आंब्याचं झाड आहे. त्याखाली दिवाळीपासून एक काळी सेडान उभी आहे. कंपनीचं नाव सांगत नाही. तिघांपैकी कोणाचीही असती तरी गोष्ट फारशी बदलली नसती. मालक नारायणगावकडचे शेतकरी, मी त्यांना भाऊ म्हणतो. २०२३च्या जुलैत टोमॅटोला कधी नव्हे असा भाव आला, तेव्हा या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची हौस केली. गाडी दिल्ली पासिंगची. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर कोर्टाची बंदी आली, तेव्हापासून नववं वर्ष लागलं की तिथल्या चांगल्या चांगल्या गाड्या एनओसी घेऊन आमच्याकडं निघायला लागल्या आणि इथले एजंट त्या घासूनपुसून रस्त्याकडेला मांडायला लागले. नवी होती तेव्हा बासष्ट लाखांची. भाऊंना पडली साडेअकरा लाखांना.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग रोज सकाळी गाडी मागून बसलेली दिसायला लागली, दमलेल्या बैलासारखी. एअर सस्पेन्शनच्या रबरी फुग्याला चीर गेली की हवा रात्रभर झिरपते आणि सकाळी कॉम्प्रेसर ती भरत बसतो. भाऊंना वाटलं, भरतोय ना, चालू द्या. चार महिन्यांनी कॉम्प्रेसर जळाला. तोवर गिअर बदलताना गाडी हिसके द्यायला लागली होती, आणि कूलंट कुठून तरी कमी होत होतं. मी सगळं उघडून, स्कॅनर लावून, काटकसरीचं एस्टिमेट काढलं: चार लाख सत्तर हजार. भाऊंनी कागद दोनदा वाचला. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "मिस्त्री, गाडी साडेअकराची. मग तिचं दुखणं पावणेपाच लाखांचं कसं? एवढ्यात माझ्या गोठ्यात चार गाई येतील."

मी म्हणालो, "भाऊ, गाडी साडेअकराची झाली ती तुमच्यापुरती. पार्टला ते ठाऊक नाही. पार्ट अजून बासष्ट लाखांच्याच गाडीचा आहे."

हे उत्तर खरं आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं तुमच्याकडं आहे.

तुम्ही भाऊंना ओळखत नाही. तुमच्या गिऱ्हाइकांच्या यादीत ते नाहीतच. तुमच्या देशात नव्या गाड्यांची जी नोंदणी होते, तिच्यात तीनातल्या जवळजवळ दोन गाड्या कुठल्या ना कुठल्या धंद्याच्या नावावर असतात, असं मी वाचलंय. साहेबाला कंपनी गाडी देते, तो महिन्याला गाडीच्या छापील किमतीच्या एक टक्का रक्कम उत्पन्नात दाखवून कर भरतो, आणि तीनेक वर्षांनी लीज संपली की गाडी परत. म्हणजे ज्या माणसाच्या पसंतीसाठी तुम्ही रात्रीचा दिवस करता, त्याचं आणि गाडीचं लग्न तीन वर्षांचं. त्याला आवाज नको, धक्का नको, सर्व्हिसला सारखं बोलावणं नको. हे सगळं तुम्ही त्याला देता, आणि झकास देता. पण गाडी त्यानंतरही बारा-पंधरा वर्षं जगते. तो सगळा संसार दुसऱ्या-तिसऱ्या मालकाचा, आणि तो होतो माझ्यासारख्याच्या गॅरेजात.

आमच्याकडंही पहिल्या मालकाचंच कौतुक. २०१० साली औरंगाबादच्या उद्योजकांनी एका झटक्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या (शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर). महाराष्ट्रभर त्याची चर्चा झाली, आणि व्हावी अशीच ती गोष्ट होती. त्या गाड्या आता पंधरा वर्षांच्या झाल्या. त्या कोणाच्या हातात आहेत, कुठल्या तालुक्याच्या गावी कुठल्या शेडमध्ये उभ्या आहेत, याची बातमी कोण छापणार?

आता एकेक करून सांगतो. पहिली तक्रार एका शब्दाबद्दल आहे: 'लाइफटाइम'.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल जन्मभराचं, बदलायची गरज नाही, असं तुमच्यातले काही जण वर्षानुवर्षं सांगत आले. सर्व्हिस पुस्तकात त्याची ओळच नसते. गंमत अशी, की यातले पुष्कळसे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी तुमच्याच देशातली, आणि ती स्वतः सांगते की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी तेल बदला. आता मी कोणाचं ऐकायचं? ज्यानं गिअरबॉक्स बनवला त्याचं, की ज्यानं तो गाडीत बसवला त्याचं? मर्सिडीजच्या नव्वदीतल्या पाच गिअरच्या ऑटोमॅटिकचंही हेच झालं होतं. आधी जन्मभराचं तेल, आणि काही वर्षांनी तो शब्द मागं घेऊन बदलायची मुदत घालून दिली. मागं घेतला हे चांगलंच केलंत. पण मधल्या काळात ज्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवून तेल बदललं नाही, त्यांचे गिअरबॉक्स माझ्या टेबलावर आले.

त्याच गिअरबॉक्समधली एक करामत मी नव्या पोरांना अजून मुद्दाम दाखवतो. वायरींचा जोड जिथं आत जातो तिथं रबराच्या छोट्या रिंगा असतात. त्या कडक झाल्या की तेल झिरपून वायरीत शिरतं, आणि दिव्याच्या वातीतून चढावं तसं वायरीतल्या तारांमधून चढत चढत पार वरच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचतं. पार्ट काहीशे रुपयांचा, आणि तो वेळेवर न बदलल्याचा दंड एका कॉम्प्युटरचा. तुमच्या पुस्तकात 'दहाव्या वर्षी ही रिंग बदला' अशी एक ओळ असती तर किती घरांतली भांडणं वाचली असती!

'जन्मभर' म्हणजे कोणाचा जन्म? मला वाटतं गाडीचा जन्म तुम्ही पहिल्या मालकाच्या लीजइतकाच धरता. तसं असेल तर तसं लिहा. मराठीत लिहा, हिंदीत लिहा, जर्मनमध्ये लिहा, मी वाचून घेईन: "हे तेल अमुक इतक्या किलोमीटरसाठी आहे." जन्ममरणाच्या गोष्टी पुस्तकात नकोत.

इंजिन ऑइलचंही तेच. गाडी स्वतःच सांगते की पुढची सर्व्हिस २५ हजार किलोमीटरनंतर किंवा दोन वर्षांनी. जर्मनीतल्या हायवेवर हे चालत असेल. पण इथं हिंजवडीहून घरी जाणारी गाडी तासभर पहिल्या-दुसऱ्या गिअरात रांगते. किलोमीटर दहा होतात, इंजिन मात्र साठ किलोमीटरइतकं फिरलेलं असतं. माझ्याकडच्या गाड्यांना मी आठ-दहा हजारांवर किंवा वर्षाला तेल बदलायला लावतो. गिऱ्हाईक म्हणतं, "मिस्त्री, गाडी तर नको म्हणतेय!" त्याला वाटतं मी तेलाचे पैसे लाटतोय. पण हेच तुम्हीही केलंय. बीएमडब्ल्यूच्या एन६३ या व्ही-८ इंजिनात दोन्ही टर्बो सिलिंडरांच्या मधल्या घळीत बसवलेले, म्हणजे चुलीवरच भांडी रचून ठेवल्यासारखे. त्या इंजिनाच्या तक्रारी वाढल्या तेव्हा २०१४च्या शेवटी अमेरिकेतल्या गाड्यांसाठी खास मोहीम निघाली: टायमिंग चेन तपासा, इंजेक्टर तपासा, आणि तेल १० हजार मैलांवर किंवा वर्षाला बदला. म्हणजे कमी मुदतीचा शहाणपणा तुमच्याकडं आहे. तो इंजिन आजारी पडल्यावरच का बाहेर येतो?

गाडीच्या कॉम्प्युटरला 'ही सरकारी धुराची चाचणी चालू आहे' हे ओळखायला शिकवण्याइतकी हुशारी तुमच्यातल्या एका समूहाकडं होती. २०१५ साली ते जगाला कळलं. त्याच कॉम्प्युटरला 'गाडी रोज ट्रॅफिकमध्ये अडकते, तेल लवकर बदल' एवढं सांगायला शिकवणं काही अवघड नाही.

दुसरी तक्रार हाताची आहे, म्हणजे माझ्या हाताची. जो पार्ट झिजणार हे ठरलेलं आहे, तो तुम्ही अशा जागी ठेवता की तिथं पोचण्यातच पार्टपेक्षा जास्त पैसे जातात. बीएमडब्ल्यूचं एन४७ डिझेल इंजिन घ्या. २००७ साली आलं, त्याच वर्षी चेन्नईचा कारखाना सुरू झाला, आणि पुढं आमच्या रस्त्यांवर ते इंजिन भरपूर आलं. त्याची टायमिंग चेन इंजिनच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या बाजूनं. चेन ढिली पडली की थंड इंजिन सुरू करताना डबड्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. आवाज ऐकू आला की मालकाच्या आधी माझ्याच पोटात गोळा येतो, कारण चेन, गाइड आणि टेन्शनर मिळून जो खर्च, त्याहून मोठा खर्च तिथवर जायचा: कुठं गिअरबॉक्स उतरवा, कुठं इंजिनच बाहेर काढा. न ऐकता पळवली आणि चेन तुटली तर पिस्टन व्हॉल्व्हला भिडतात. मग बोलायलाच नको. ऑडीच्या ४.२ लीटरच्या नंतरच्या व्ही-८मध्येही चेन मागंच. आणि मर्सिडीजच्या एम२७२ या व्ही-६मध्ये बॅलन्स शाफ्टवरचं एक छोटं दातेरी चाक ठरावीक वर्षांत बनलेल्या इंजिनांत वेळेआधी झिजायचं. चाक तळहातावर मावेल एवढं, आणि त्यासाठी सगळं इंजिन गाडीबाहेर.

मला कळतं, जागेची अडचण असते. पुढून गाडी आखूड हवी, बोनेट खाली हवं, पायी चालणाऱ्याला धडक बसली तर त्याला कमी लागावं, हे सगळे नियम तुमच्या डोक्यावर असतात. माझं म्हणणं इतकंच, की असं इंजिन कागदावर काढताना त्या खोलीत एक माणूस असा बसवा ज्याची नखं काळी आहेत. त्यानं फक्त एकच प्रश्न विचारायचा: "हे निघणार कसं?"

प्लॅस्टिकबद्दल फार लिहीत नाही, कारण जगभरच्या मेकॅनिकांनी लिहून झालंय. कूलंटच्या टाक्या, पाइपांचे जोड, थर्मोस्टॅटचं घर, सगळं प्लॅस्टिकचं. सात-आठ वर्षं उकळून-गार होऊन ते खारी बिस्किटासारखं झालेलं असतं. हात लावला की तुकडा हातात. तुमची माणसं हिवाळ्यात स्वीडनच्या बर्फात आणि उन्हाळ्यात अमेरिकेच्या डेथ व्हॅलीत गाड्या तापवून-गारठवून बघतात, हे मला माहीत आहे. त्या गाड्या नव्या असतात. वैशाखात मोशीच्या सिग्नलला एसी लावून उभ्या असलेल्या नऊ वर्षांच्या गाडीच्या बोनेटखाली काय चाललेलं असतं, ते बघायला कोणी येत नाही.

आणि हो, पेट्रोल गाड्यांतल्या इनटेक व्हॉल्व्हवर साचणारा कार्बन. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल व्हॉल्व्हच्या पाठीवरून जात नाही, त्यामुळे ती पाठ धुतली जात नाही आणि काजळीचा थर चढतो. तो काढायला आम्ही अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या जोरानं मारतो. बिलावर 'अक्रोड' लिहिलं की गिऱ्हाईक माझ्याकडं असं बघतं, जणू मी इंजिनाला शिरा करून घातलाय.

आता मुख्य गाऱ्हाणं. वर सांगितलेल्या दुखण्यांवर औषध आहे. पुढचं दुखणं औषधाच्या दुकानाला लावलेल्या कुलपाचं आहे.

पूर्वी गाडीचा पार्ट म्हणजे लोखंडाचा तुकडा होता. नवा घ्या, नाना पेठेत जुना शोधा, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर अपघाती गाडीतून काढलेला आणा, बसवला की गाडी चालू. आता पार्ट बसवला की तो आधी गाडीला विचारतो, 'मला ओळखतेस का?' बॅटरीसारखी बॅटरी बदलली तरी तुमच्या कितीतरी गाड्यांमध्ये तिची कॉम्प्युटरमध्ये नोंद करावी लागते, नाहीतर चार्जिंग जुन्याच हिशोबानं चालू राहतं. गिअरबॉक्सचा, इग्निशनचा, स्टिअरिंग लॉकचा कॉम्प्युटर तर चेसिस नंबरला बांधलेला. चोरी थांबावी म्हणून हे केलंत, ते योग्यच. पण एकदा माझ्याकडं एका डॉक्टरीणबाईंची गाडी होती. स्टिअरिंग लॉकमधली बोटाएवढी मोटर गेली, गाडी सुरू होईना. मोटर सुटी मिळत नाही, पूर्ण युनिट घ्या. युनिट नवं घेतलं तर कोडिंगसाठी गाडी टोचनगाडीवर घालून शोरूमला न्या. शोरूमचं नाव घेत नाही. तिथं सांगितलं, आधी आमचा तपासणीचा खर्च भरा, बाहेर उघडलेल्या गाडीची जबाबदारी आम्ही घेत नाही. बाई संध्याकाळच्या ओपीडीला रिक्षानं गेल्या. अठरा दिवस.

ही एकट्या डॉक्टरीणबाईंची गोष्ट असती तर मी गप्प बसलो असतो. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगानं चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड सुनावला. आरोप हाच: सुटे पार्ट आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं. त्या चौदांमध्ये देशी होत्या, जपानी होत्या, अमेरिकन होत्या. आणि मर्सिडीज-बेंझ, बीएमडब्ल्यू, फोक्सवॅगनही होत्या. आदेश पुढं अपिलात गेला, कोर्टकचेरीचं जे होतं ते झालं. माझ्या टेबलावर त्यातून काही आलं नाही.

पण मला खरा सल आहे तो वेगळाच. युरोपात कायदा आहे. २०१८/८५८ क्रमांकाचा नियम सांगतो की दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजवाल्यालाही वाजवी पैसे घेऊन दिलीच पाहिजे, आणि त्याआधीपासूनही तिकडं असे नियम होते. म्हणजे बव्हेरियातल्या एखाद्या खेड्यात माझ्यासारखाच एक काळ्या नखांचा माणूस तुमच्या वेबसाइटवर तासाचे पैसे भरतो, वायरिंगचा नकाशा काढतो आणि काम करतो. त्याच्यात आणि माझ्यात फरक काय? गाडी तीच, दुखणं तेच. इथली मर्सिडीज असेल तर ती चाकणला जोडलेली, माझ्या गॅरेजपासून पंधरा-वीस किलोमीटरवर. मी फुकट मागत नाही. त्याला लावता तोच दर लावा. मला आज तोच नकाशा कुठल्या तरी रशियन सॉफ्टवेअरच्या चोरट्या सीडीतून काढावा लागतो. एकतीस वर्षं इमानदारीनं धंदा केलेल्या माणसाला तुम्ही चोर बनवता, याचा मला राग आहे.

यात आमचं काही चुकत नाही असं नाही. साडेअकरा लाखांत मर्सिडीज मिळते म्हटल्यावर माणूस लग्नाच्या वरातीचा विचार आधी करतो, सर्व्हिस हिस्टरीचा नंतर. मीटर मागं फिरवणारे आमच्याच गल्लीत आहेत. कूलंटच्या जागी नळाचं पाणी ओतणारे, गळक्या रेडिएटरात हळद टाकणारे, साडेतीनशे रुपयांचं तेल घालून "चालतंय की" म्हणणारे आमचेच. खरेदीआधी गाडी उचलून, स्कॅन करून बघायला मी दीड-दोन हजार घेतो. तेवढे वाचवून लोक चार लाखांचा खड्डा विकत घेतात. भाऊंनीही तेच केलं, आणि तसं मी त्यांना तोंडावर सांगितलं. पण सर्व्हिस पुस्तकातच ज्या कामाची ओळ नाही, ते न केल्याबद्दल त्यांना कसं रागवू?

तुम्हाला वाटेल, या माणसाला आपल्या गाड्यांत काहीच चांगलं दिसत नाही. तसं नाही. काही वर्षांपूर्वी खंडाळ्याच्या उतारावर माझ्या एका गिऱ्हाइकाची गाडी दुभाजक ओलांडून दोनदा उलटली. आत चौघं होते, त्यातली एक मुलगी सात वर्षांची. चौघंही दार उघडून चालत बाहेर आले. ते गाडीचं भंगार माझ्याकडं आणलं तेव्हा मी पोरांना काम थांबवून ते नीट बघायला लावलं. पुढचा भाग कागदासारखा चुरगळलेला, बसायची जागा जशीच्या तशी. हे ज्यांनी केलं त्यांच्याशीच मी बोलतोय, म्हणून बोलतोय. ज्यांना येतच नाही त्यांच्याकडं कोण तक्रार करतो?

आणि टिकणारी गाडी तुम्हाला येत होतीच. माझे उस्ताद कॅम्पात मर्सिडीजच्या डब्ल्यू१२३ दुरुस्त करायचे, १९७६ ते ८६ या काळात बनलेल्या, कोणी आखातातून आणलेल्या, कोणी वकिलातीच्या लिलावात घेतलेल्या. डिझेलवाली जोरात पळायची नाही, पण थांबायचीही नाही. ग्रीसमध्ये थेस्सालोनिकीचे टॅक्सीवाले ग्रेगोरिओस साचिनिदिस यांनी त्याच्याही आधीची २४० डी ४६ लाख किलोमीटर चालवली. २००४मध्ये ती तुमच्या स्टुटगार्टच्या संग्रहालयात गेली. त्या गाडीची इंजिनं अनेकदा बदलली होती, हे सांगायला लोक विसरतात. पण मला त्यातलं तेच महत्त्वाचं वाटतं. इंजिन बदलता येत होतं! एका टॅक्सीवाल्याला आपल्या कमाईत ते परवडत होतं. गाडी न बिघडणारी असते असं मी कधीच म्हणत नाही. बिघडल्यावर ती घरातल्या माणसाच्या आवाक्यात राहते का, एवढंच मी बघतो.

तेव्हा माझ्या मागण्या अशा. तुमच्या सर्व्हिस पुस्तकाला दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंतची पानं जोडा, आणि त्यात गिअरबॉक्सचं तेल, रबरी रिंगा, कूलंटचे प्लॅस्टिक जोड, सस्पेन्शनचे फुगे कधी बदलायचे ते किलोमीटरसकट छापा. ते छापल्यानं नव्या गाडीची विक्री घटेल अशी भीती असेल, तर जाहिरातीत 'जन्मभर' लिहू नका, एवढं तरी करा.

हेडलाइटचा एक कान तुटला तर लाख-सव्वालाखाचं आख्खं युनिट गळ्यात मारू नका. कान सुटा विका. मोटर सुटी विका, गिअर सुटा विका. तुमच्यातल्याच एकाचं फेलबाखला जुन्या गाड्यांचं केंद्र आहे, तिथं पन्नास-साठ वर्षांच्या गाड्यांचे पार्ट जपून ठेवलेले असतात. हौशी माणसाच्या म्हाताऱ्या गाडीसाठी जे जमतं ते शेतकऱ्याच्या दहा वर्षांच्या गाडीसाठी का जमू नये? गाडी आठ वर्षांची झाली की तिच्या पार्टांचा दरही उतरेल, असा काही हिशोब बसवा. तुमच्याकडं हिशोब बसवणारी माणसं कमी नाहीत. सीट गरम करायचे महिन्याला किती घ्यायचे, हा हिशोब म्युनिकवाल्यांनी २०२२ साली बसवला होताच. (लोक चिडले, पुढच्या वर्षी मागं घेतला. आमच्याकडं वैशाखात सीट आपोआप गरम होते, तीही फुकट.)

आणि दुरुस्तीच्या माहितीचं जे दार बव्हेरियातल्या गॅरेजवाल्याला उघडं आहे, ते भोसरीलाही उघडा. ओळखपत्र मागा, जीएसटी नंबर मागा, परीक्षा घ्या. मी देईन. माझ्याकडं दोन पोरं आहेत, औंधच्या आयटीआयची, तीही देतील. मला तर खात्री आहे की ती माझ्याहून चांगल्या मार्कांनी पास होतील.

भाऊंच्या गाडीचं मी सध्या असं ठरवलंय: मागचे दोन्ही फुगे काढून साध्या स्प्रिंगा बसवायच्या. गाडी थोडी उडेल, पण बसणार नाही. गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर बदलून बघायचा. तुमच्या मते त्याची गरज नाही, पण हिसके थांबतील असं मला वाटतं. कूलंटचे पाइप नवे घालायचे. एस्टिमेट एक लाख साठ हजारांवर आलंय. भाऊ म्हणालेत, कांदा निघाला की बघू.

आपला नम्र,
भोसरीचा एक गॅरेजवाला

ता. क. : तुमच्यापैकी कोणी चाकणला आलंच तर नाशिक रस्त्यानं माझ्याकडं यायला अर्धा तास लागतो. मोशीत अडकलात तर दीड. आलात तर बरं होईल, कारण त्या दीड तासात इंजिन किती तापतं ते तुमचं तुम्हालाच मोजता येईल. येताना स्टिअरिंग लॉकची ती छोटी मोटर मिळाली तर घेऊन या. पैसे रोख देईन.